कोणाच्या तुलनेत?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या शहात्तर वर्षांच्या वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वडील वनखात्याच्या लाकूड आगारातून निवृत्त झालेले. रक्तदाब नेहमीप्रमाणे तपासून झाला, गोळ्या तशाच चालू ठेवायचे ठरले, आणि मग मुलाने पिशवीतून चार पानांचे संमतीपत्र काढून माझ्यापुढे ठेवले. शारीरिक शिक्षणाच्या एका संस्थेतील संशोधक साठीपुढील व्यक्तींवर व्यायामाचा अभ्यास करणार होते. बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, खुर्चीच्या आधाराने आणि रबरी पट्टा ताणून करायचे व्यायाम. सहभागी होणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पडणार. एका गटाला व्यायाम लगेच शिकवला जाणार, दुसऱ्याला बारा आठवडे उलटल्यावर.

"डॉक्टरसाहेब, बाबाले पाठवू काय? काही होईन तं नाही?" मुलाने विचारले. आणि लगेच, "आन् दुसऱ्या गटात नाव निघालं तं मंग फायदा काय?"

वाचकहो, दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद आज ना उद्या येतील, कारण वृद्धांच्या व्यायामावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि संस्थांची संख्या वाढते आहे. असे कागद आले नाहीत, तरी 'अमुक व्यायामाने गुडघेदुखी निम्म्यावर' अशा बातम्या मोबाइलवर रोज येतातच. म्हणून या वेळी औषधांविषयी न लिहिता, व्यायामाचा अभ्यास कसा रचला जातो आणि आपण त्यात काय पाहावे, याविषयी लिहितो.

प्रथम चिठ्ठीविषयी. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील बसगाड्या दुमजली होत्या. चालक दिवसभर आसनावर बसलेला, तर वाहक तिकिटे फाडत जिन्यावरून सतत वरखाली करणारा. एकच खाते, एकच गाडी. परंतु वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला आणि जो झाला तो सौम्य होता. शारीरिक हालचालीचा हृदयाशी संबंध आहे, हे मोजून दाखवणारा हा पहिला मोठा अभ्यास मानला जातो. व्यायामाचा प्रचार करणाऱ्यांना एवढ्यावर थांबणे सोयीचे झाले असते.

मॉरिस मात्र थांबले नाहीत. त्यांच्या मनात शंका आली, की चालक आणि वाहक हे नोकरीला लागतानाच सारखे होते का? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खात्याकडील गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि विजारींची मापे पाहिली. चालकांचा कमरेचा घेर तरुण वयातही वाहकांपेक्षा मोठा होता. हा निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा, की काही फरक जिन्याने पाडलेला असेल, पण काही फरक जिन्यापाशी येण्यापूर्वीचाच होता. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच बोट ठेवणारा हा माणूस मला संशोधक म्हणून फार मोठा वाटतो.

चिठ्ठीचे प्रयोजन हेच. ज्यांना हौस आहे त्यांना व्यायामाच्या गटात घेतले आणि जे नको म्हणतात त्यांना दुसऱ्या गटात, तर व्यायामाच्या गटात मुळातच धडधाकट, उत्साही आणि घरून सोबत मिळणारी माणसे गोळा होतात. बारा आठवड्यांनी ते पुढे दिसले, तर श्रेय व्यायामाचे की त्या सोबतीचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चिठ्ठी टाकली की दुखरे गुडघे, साखर, एकटेपणा, सगळेच दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जाते. म्हणून 'दुसऱ्या गटात नाव निघाले तर फायदा काय' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की त्या बारा आठवड्यांत वैयक्तिक फायदा फारसा नाही. पण दुसरा गट नसेल, तर पहिल्या गटाच्या फायद्याला काही अर्थच उरत नाही.

आपल्या परतवाड्याचेच पाहा. पहिली मोजमापे जानेवारीच्या थंडीत होणार आणि शेवटची एप्रिलच्या अखेरीस. त्या उन्हात सहा मिनिटे चालण्याची चाचणी दिली, तर शहात्तर वर्षांचा माणूस जानेवारीइतका चालेल का? एकच गट असता, तर 'व्यायामाने चालणे घटले' असा विपरीत निष्कर्षही निघू शकला असता. दोन गट असले की ऊन दोघांनाही सारखेच लागते आणि त्यांच्यातील फरक तेवढा व्यायामाचा राहतो.

गुडघ्यांच्या बाबतीत आणखी एक चकवा असतो. संधिवाताचे दुखणे कमीजास्त होत राहते. माणूस उपायाच्या शोधात निघतो तो बहुधा ते कळसाला पोचलेले असते तेव्हा, आणि त्यानंतर काहीही न करता ते थोडे उतरणारच असते. मध्ये कोणी तेल दिले तर तेलाचे नाव होते, व्यायाम सांगितला तर व्यायामाचे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी माझ्या मधुमेही रुग्णांचा सकाळी फिरण्याचा एक गट सुरू केला होता. एक जाड वही केली. प्रत्येकाची उपाशीपोटीची साखर पहिल्या दिवशी लिहिली, तीन महिन्यांनी पुन्हा लिहिली. मध्यंतरी बरेच जण गळाले. जे गळाले त्यांच्या नावावर मी रेघ मारली आणि जे टिकले त्यांच्या आकड्यांची सरासरी काढली. साखर चांगलीच उतरली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात मी तो आकडा मोठ्या अभिमानाने सांगितला. टाळ्या मिळाल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक बाई मुलासह आल्या. वहीत त्यांच्या नावावर रेघ होती. दुसऱ्याच आठवड्यात चपलेचा पट्टा लागून पायाच्या बोटाला जखम झाली होती. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली, म्हणून ती त्यांना कळलीही नव्हती. घरच्यांनी हळद भरली, पट्टी बांधली आणि फिरणे थांबवले. माझ्याकडे येण्याचा त्यांना संकोच वाटला, कारण 'डॉक्टरांनी एवढे सांगितले आणि आपण मध्येच सोडले.' पुढे शहरातल्या रुग्णालयात त्यांची दोन बोटे काढावी लागली.

मी त्यांच्या चपला पाहिल्या नव्हत्या. फिरायला पाठवण्यापूर्वी तळपायांची तपासणी केली नव्हती. आणि त्या का येत नाहीत, हे विचारले नव्हते. माझ्या वहीत तो व्यायाम निर्धोक होता, कारण ज्यांना त्याने अपाय केला त्यांची नावे मी खोडली होती. शिवाय टिकलेल्यांपैकी काहींच्या गोळ्या त्याच तीन महिन्यांत मीच वाढवल्या होत्या, तेही मी हिशेबात धरले नव्हते.

नीट रचलेल्या अभ्यासात चिठ्ठीने ज्या गटात नाव पडले, त्या गटातच त्या माणसाची अखेरपर्यंत गणना होते. मग तो रोज आलेला असो की दोन दिवसांत घरी बसलेला असो. कोण सोडून गेले, केव्हा आणि कशामुळे, हे लिहावे लागते. म्हणून व्यायामाच्या फायद्याची बातमी वाचताना मी आता प्रथम हे पाहतो, की सुरुवातीला किती होते आणि शेवटी किती उरले. शंभरांनी सुरुवात केली आणि चाळिसांचाच निकाल छापला, तर उरलेले साठ कुठे गेले, हा प्रश्न तुम्हीही विचारावा.

आपल्या जिल्ह्याला व्यायाम नवा नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची आणि व्यायामाची प्रात्यक्षिके दाखवली, हे येथील जुन्या माणसांना तोंडपाठ असते. व्यायाम शिकवण्याची ही परंपरा. व्यायाम मोजण्याची परंपरा मराठी माणसाने सुरू केली ती लोणावळ्यात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. त्यांनी बडोद्यातील रुग्णालयात उड्डियान आणि नौली करणाऱ्याच्या पोटाची क्ष-किरण तपासणी करवली. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले. बस्तीच्या वेळी पाणी आत कसे खेचले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. शतकापूर्वी, आसनांकडे एकतर गूढ म्हणून किंवा थोतांड म्हणून पाहिले जात असताना, केवळ यंत्र लावून पाहू या असे म्हणायला वेगळे धैर्य लागते.

परंतु हे प्रयोग 'शरीरात काय घडते' या प्रश्नाचे होते. त्यासाठी कसलेला एक साधक आणि चांगले यंत्र पुरते. 'शहात्तर वर्षांच्या माणसाला त्याचा उपयोग होईल का आणि अपाय तर होणार नाही ना' हा प्रश्न निराळा आणि त्याची रचनाही निराळी. आज योगाच्या नावाने फिरणाऱ्या संदेशांत या दोन प्रश्नांची सर्रास सरमिसळ होते. एका योग्याच्या नाडीचे ठोके कमी झाले, म्हणून तुमच्या आजींचा रक्तदाब उतरेल असे ठरत नाही.

दुसऱ्या प्रकारचा एक मोठा अभ्यास अलीकडे आपल्या देशातच झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३९५९ रुग्णांना देशभरातील २४ केंद्रांवर चिठ्ठीने दोन गटांत विभागले. एका गटाला बारा आठवड्यांचा योगाधारित कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांसोबत माहिती आणि सल्ला. निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. योगाच्या गटातील रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे ते अधिक चांगल्या प्रकारे परतले. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटनांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही; अशा घटना अपेक्षेपेक्षा कमी घडल्या आणि फरक पकडायला तेवढी संख्या अपुरी पडली, असे संशोधकांनीच लिहिले. जवळजवळ चार हजार माणसेही एखाद्या प्रश्नाला कमी पडतात, तर वीस जणांवरील अभ्यासाने 'हृदयविकार टळतो' असे कोणी सांगितल्यास आपण सावध व्हावे.

म्हणून लहान अभ्यास निरुपयोगी ठरतात असे समजू नका. ते पुढच्यांना वाट दाखवतात. १९९० मध्ये बोस्टनमधील वृद्धांच्या शुश्रूषागृहात सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा जोरकस व्यायाम दिला गेला. इतक्या वयात स्नायूंची ताकद वाढते, हेच तेव्हा अनेकांना अविश्वसनीय होते. ती वाढली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून त्याच संशोधकांनी पुढे १०० वृद्धांचे चार गट केले. एकाला व्यायाम, एकाला पोषक पेय, एकाला दोन्ही, एकाला दोन्ही नाही. १९९४ मध्ये निकाल आला. व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची ३ टक्क्यांनी; नुसत्या पेयाने काही साधले नाही. आई-वडिलांसाठी महागड्या प्रथिनांच्या पावडरीचे डबे आणणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटा व्यायाम कसा देणार? आपण व्यायाम करतो आहोत की नाही, हे करणाऱ्याला कळतेच. यावर काही उपाय आहेत. दुसऱ्या गटालाही तितक्याच वेळा बोलावून आरोग्याविषयी गप्पा, हलके ताण देणे असे काही दिले जाते; कारण आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडून चार समवयस्कांत बसण्याने देखील माणूस टवटवीत होतो. आणि शेवटची मोजमापे अशा व्यक्तीकडून करवतात, जिला कोण कोणत्या गटात होते हे ठाऊक नसते. 'वा काका, अजून एकदा उठा!' असे एका गटाला म्हटले आणि दुसऱ्याला म्हटले नाही, तरी निकाल झुकतो.

अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १६३५ जणांवर झालेला अभ्यास याच रीतीने केला होता. एका गटाला चालणे, ताकद आणि तोल यांचे व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यशिक्षणाचे वर्ग. पाहायचे काय, तर माणूस ४०० मीटर चालू शकतो की नाही. सरासरी अडीच वर्षांहून अधिक काळाने व्यायामाच्या गटातील ३०.१ टक्के आणि दुसऱ्या गटातील ३५.५ टक्के लोकांची ती क्षमता गेली होती. फरक चमत्कारिक वाटत नाही, पण खरा आहे. आणि मोजण्याजोगी गोष्ट त्यांनी किती अचूक निवडली! स्नायूचा घेर किती सेंटिमीटर वाढला यात आपल्याला काय रस? एस.टी.ची पायरी चढता येते का, पंगतीत खाली बसून परत उठता येते का, रात्री मोरीपर्यंत आधाराविना जाता येते का, हे म्हाताऱ्या माणसाचे प्रश्न. कोणी अभ्यासाचा कागद आणला, तर ते नेमके काय मोजणार आहेत हे जरूर वाचा.

मोजता येते म्हणून पवित्र झालेला एक आकडा म्हणजे रोजची दहा हजार पावले. तो कोणत्या अभ्यासातून आला असे तुम्हाला वाटते? १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून, ज्याचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि साडेसात हजारांच्या पुढे फरक वाढेनासा झाला. येथे चिठ्ठी नव्हती. ज्या मुळात सशक्त त्याच अधिक चालत असतील, ही विजारीच्या मापाची शंका येथेही राहते. तरी सुनेने मनगटावर बांधलेल्या यंत्रातील दहा हजारांचा आकडा गाठण्यासाठी रात्री जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारणाऱ्या माझ्या एका रुग्ण आजींना मी तो हट्ट सोडायला लावला.

आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो: काही होणार तर नाही ना? तो कागद मी सावकाश वाचला. संस्थेच्या नैतिकता समितीच्या मान्यतेचा उल्लेख होता. अभ्यासाची नोंदणी देशाच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात, केलेली होती. ही नोंदवही २००७ पासून चालू आहे आणि ती संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. त्यात काय मोजणार हे आधीच लिहून ठेवावे लागते, त्यामुळे निकाल हाती आल्यावर सोयीचा प्रश्न निवडण्याची मोकळीक राहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि अभ्यासामुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. तेही कागदावर होते. सही मुलाची चालणार नव्हती. वडील शुद्धीवर आणि समजदार असताना सही त्यांचीच हवी. हे मी मुद्दाम सांगितले, कारण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या देहाविषयीचे निर्णय त्याच्या डोक्यावरून घेण्याची सवय प्रेमळ घरांतही असते.

एक गोष्ट मात्र सापडली नाही. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली, कोणी पडले, तर त्याची नोंद कोण करणार आणि रुग्णाला कोठे नेणार, हे लिहिलेले नव्हते. मी संशोधकांना दूरध्वनी केला. तरुण मुलगी होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि दोन दिवसांत सुधारित पान समितीपुढे ठेवल्याचे कळवले. उन्हाळ्यातील मोजमापे सकाळी साडेआठच्या आत उरकावीत, हेही तिने मान्य केले. मी वडिलांच्या गोळ्यांची यादी, त्यांचा हृदयालेख आणि उठताना रक्तदाब किती उतरतो याची नोंद तिच्याकडे पाठवली. तळपाय तपासले. चपला पाहिल्या. चपला झिजलेल्या होत्या, त्या बदलायला लावल्या.

"घरी बसून तरी काय करतो," असे म्हणत वडिलांनी माझ्या टेबलावरच सही केली.

संक्रांतीनंतर चिठ्ठ्या निघाल्या. त्यांचे नाव थांबणाऱ्या गटात आले. ते थोडे हिरमुसले होते. माझ्याकडे येऊन त्यांनी हळूच विचारले, "ते खुर्चीवरून उठाबसायचं म्या घरीच सुरू केलं तं चालन काय?" मी पेचात पडलो. नॉर्वेत सत्तरीच्या १५६७ जणांवर पाच वर्षे झालेल्या अभ्यासात असेच घडले होते. तुलनेच्या गटातील अनेकांनी स्वतःहून जोमाचा व्यायाम केला आणि २०२० मध्ये निकाल पाहताना गटांमधील मृत्यूच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. संशोधनाच्या दृष्टीने त्यांना नाही म्हणायला हवे. डॉक्टर म्हणून, चांगली गोष्ट करू पाहणाऱ्या माणसाला मी अडवू शकत नाही. मी त्यांना सांगितले, की बाजारापर्यंतचे रोजचे चालणे आजवर होते तसेच चालू ठेवा. नवा व्यायाम बारा आठवडे थांबवता आला तर थांबवा, तुमची पाळी एप्रिलनंतर येणारच आहे. राहवलेच नाही आणि केलात, तर लपवू नका. तारीख आणि किती वेळा उठलात ते लिहा, आणि त्या मुलीला दाखवा.

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली.